शामायची आठवण नीट ठेवायची तर

या वेळच्या टपालात एकाच विषयावरची पत्रं बरीच होती: घरातली आई किंवा आजी गेली, ती अगदी भक्तिभावाची ख्रिस्ती बाई होती, तिची आठवण पुढच्या पिढीपर्यंत कशी पोचवायची. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

आमची शामाय, म्हणजे आजी, दोन महिन्यांपूर्वी गेली. पहिल्या वर्षाच्या मिसाला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) येणाऱ्यांच्या हाती तिच्या आयुष्याची छोटी पुस्तिका द्यायचं ठरलं आहे. पण लिहायला बसले की ‘प्रेमळ, कष्टाळू, देवभोळी’ यापुढे गाडी सरकत नाही. – एक नात, म्हापसा

विशेषणं बाजूला ठेवा आणि तिचा एक दिवस लिहून काढा. पहाटेच्या मिसाला ती कुठल्या वाटेने जायची, इगर्जीत (चर्चमध्ये) कुठल्या बाकावर बसायची, परतताना मासळी घ्यायची की पोदेराची (पाववाल्याची) वाट पाहायची, संध्याकाळी आंजेलची (प्रार्थनेची) घंट झाली की हातातलं काम टाकायची की संपवूनच उठायची. ‘देवभोळी’ हा शब्द तर काढूनच टाका. घरातल्या सगळ्यांना रोज ओरातोरासमोर (घरातल्या देव्हाऱ्यासमोर) गोळा करून तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणणाऱ्या बाईकडे शिस्तही असते आणि चिकाटीही. तो शब्द दोन्ही झाकून टाकतो.

तेर्साचंच घ्या. पाच दशकं (दहा-दहा मण्यांचे पाच भाग) ती सलग म्हणायची की एकेक दशक एकेका नातवंडाला द्यायची? गुरुवारी कुठले मिस्तेर (जपताना मनन करायचे प्रसंग) घ्यायची? प्रकाशाचे मिस्तेर पोप दुसरे जॉन पॉल यांनी 2002 मध्ये दिले. त्याआधी गुरुवारी आनंदाचे मिस्तेर असत, आणि जुन्या पिढीतल्या पुष्कळ बायांनी शेवटपर्यंत तीच सवय ठेवली. लादिन्य (नामावळीची प्रार्थना) लॅटिनमध्ये गायची की कोंकणीत? तेर्स संपल्यावर बेसांव (आशीर्वाद) मागायला कोण आधी, कोण नंतर? असल्या तपशिलात माणूस दिसतो.

याहून मोलाची एक गोष्ट बहुतेक घरांतून निसटते. तेर्सानंतर आल्म्यांसाठी (मृतात्म्यांसाठी) ज्या ‘आमच्या बापा’ म्हणतात, त्यांत ती कुणाकुणाची नावं घ्यायची, त्याच क्रमाने लिहून काढा. नवरा, सासू-सासरे, आफ्रिकेत वारलेला भाऊ, चार दिवसांचं होऊन गेलेलं मूल, कधी शेजारची एखादी बाई, आणि शेवटी ‘ज्यांच्यासाठी कोणीच मागत नाही’ ते आल्मे. ती यादी म्हणजे तिने मनात सांभाळलेला घराण्याचा इतिहास. ती तोंडपाठ असलेलं माणूस घरात अजून असेल. बहुधा तिची सून किंवा शेवटपर्यंत जवळ राहिलेली मुलगी. आधी तिच्याकडे जा. वंशवृक्ष काढताना सगळ्यांत जास्त राहून जातात ती लहानपणी गेलेली मुलं. ती या यादीत सापडतात आणि पुस्तिकेत त्यांना जागा मिळायलाच हवी.

आता सनांचं. म्हाताऱ्या माणसांना ‘कुठल्या साली?’ विचारलं की ती गप्प होतात किंवा अंदाजाने सांगतात, आणि तो अंदाज पुढे छापला जातो. त्याऐवजी खुणा धरून विचारा. गोंयच्या सायबाचं (संत फ्रान्सिस झेवियरचं) शवप्रदर्शन ही सगळ्यांत भरवशाची खूण: 1952, 1964, 1974-75, आणि तिथून पुढे दर दहा वर्षांनी 2024-25 पर्यंत. ‘1964 च्या प्रदर्शनाला तू कडेवर होतीस की चालत गेलीस?’ या प्रश्नाला नेमकं उत्तर येतं. तशीच पंचावन्न सालानंतरची आर्थिक नाकेबंदी, रुपया जाऊन इस्कुद (पोर्तुगीज चलन) आले ते दिवस, 19 डिसेंबर 1961 ची गोवामुक्ती, मीस लॅटिनमधून कोंकणीत आलं तो काळ, फेब्रुवारी 1986 मधली पोपची गोवाभेट, जानेवारी 1995 मध्ये फादर जुझे वाझ ‘धन्य’ (संतपदाआधीची पायरी) झाले आणि जानेवारी 2015 मध्ये संत. आजोबा तारवटी असतील तर त्यांच्या खलाशी-पुस्तिकेत बोटीवर चढल्या-उतरल्याच्या तारखा शिक्क्यासह असतात. मुलांचे जन्म, आलेली पत्रं, घराची दुरुस्ती हे सगळं त्या तारखांशी जुळवता येतं.

बोलणं रेकॉर्ड करायचं तर दुपारी, पंखा बंद करून, फोन घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवून. नुसत्या टेबलावर ठेवला तर प्रत्येक पेल्याचा ठोका त्यात येतो. पावसात पत्र्याखाली बसू नका. अर्ध्या तासाहून जास्त एका वेळी नको, आणि दोन वृद्धांना एकत्र बसवा. एकीचं चुकलं की दुसरी दुरुस्त करते. तुम्ही म्हापशाच्या असल्याने मिलाग्र सायबिणीच्या (चमत्कारांच्या मारियामातेच्या) फेस्ताबद्दल जरूर विचारा. तिथे लईराई देवीची बहीण म्हणून हिंदूही तेल घेऊन येतात. शामायबरोबर कुठल्या शेजारणी जायच्या, हे त्यातून कळेल, आणि त्या शेजारणीकडे तुमच्याकडे नसलेल्या आठवणी असतील.

पाककृती घालणार असाल तर एकच घाला, पण पूर्ण. नाताळच्या कुसवाडातलं (गोडधोडातलं) दोदोल घ्या. घरोघरी प्रमाण बदलतं, पण पाव किलो तांदळाच्या पिठाला अर्धा किलो काळा माडाचा गूळ आणि तीन नारळांचा रस या आसपास ते असतं. ‘अंदाजाने’ असं लिहून सोडू नका. जिने शामायच्या हाताखाली केलंय तिला करायला लावा, हाताने टाकण्याआधी प्रत्येक वस्तू वजनकाट्यावर ठेवा. मुख्य खूण लिहायला विसरू नका: मिश्रण कडा सोडून गोळा होतं आणि खोबऱ्याचं तेल बाजूने सुटू लागतं, तेव्हा उतरवायचं. त्याआधी उतरवलं तर वडी पडत नाही आणि दोन दिवसांत वास येतो.

छपाईचं सोपं आहे. मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात. सोळा पानं पुष्कळ झाली. मुखपृष्ठ-मलपृष्ठ वगळून चार पानं फोटो, उरलेली दहा पानं मजकूर, पानाला सव्वादोनशे शब्द. छापण्याच्या दोन महिने आधी कच्ची प्रत घरातल्या दोन ज्येष्ठांना वाचायला द्या, एक माहेरकडचा आणि एक सासरकडचा.

आईच्या आधार कार्डावर 1938, शाळेच्या दाखल्यावर 1937 आणि घरात सांगतात 1936. थडग्यावरच्या दगडावर काय कोरायचं? शिवाय नावाचं स्पेलिंग तीन प्रकारे आहे. – कुडचडे

आधार आणि शाळा दोन्ही नंतरच्या नोंदी आहेत. पुरावा दोन ठिकाणी मिळेल. एक, तिचा बाप्तिस्मा झाला त्या चर्चची नोंदवही. इथे लोक हमखास चुकतात आणि सासरच्या चर्चमध्ये शोधत बसतात. बाप्तिस्मा माहेरच्या गावी झालेला असतो. त्या नोंदीत जन्म आणि बाप्तिस्म्याच्या तारखा वेगवेगळ्या असतात, आईवडील, बहुतेक वेळा आजी-आजोबा, आणि पाद्रीन-माद्रीन (धर्मपिता-धर्ममाता) यांची नावं असतात. समासात पुढे क्रिज्म (दृढीकरण संस्कार) आणि लग्नाची टीप असते, त्यावरून लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं तेही कळतं. दोन, तालुक्याच्या नागरी निबंधक कार्यालयातली पोर्तुगीज काळातली जन्मनोंद. तिथे संक्षिप्त दाखला न मागता पूर्ण मजकुराची नक्कल मागा.

नोंद पोर्तुगीजमध्ये आणि सन-तारीख अक्षरांत लिहिलेली असते. जून म्हणजे जुन्यु आणि जुलै म्हणजे जुल्यु. वळणदार हस्ताक्षरात या दोहोंची गल्लत सर्रास होते. शंका असली तर त्याच पानावरच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदींचा महिना पाहा. नोंदी क्रमाने असतात.

नावाचं स्पेलिंग बाप्तिस्म्याच्या नोंदीप्रमाणे कोरा आणि खाली ज्या नावाने गाव हाक मारायचं तेही कोरा. पियेदाद नावाची बाई गावाला पेदाद म्हणूनच ठाऊक असते. महिना सिद्ध झाला नाही तर नुसता सन पुरे. मालमत्तेच्या कागदपत्रांचा प्रश्न मात्र वेगळा. तिथे नावातला फरक वकिलाकडून आधी निस्तरून घ्या, दगडावरून तो सुटत नाही.

मिसात आईबद्दल चार शब्द बोलायचे आहेत. कधी आणि किती? – मडगाव

पाद्रीचं प्रवचन हे देवाच्या वचनावर असतं, ते गुणगानासाठी नसतं. अंत्यविधीच्या मिसात घरच्या माणसाचे शब्द कोमुन्यांवानंतरच्या (पवित्र भाकर वाटून झाल्यानंतरच्या) प्रार्थनेनंतर, अंतिम निरोपाच्या विधीआधी. विगाराला (चर्चच्या मुख्य पाद्रीला) आदल्या दिवशी विचारून ठेवा. काही चर्चमध्ये हे शब्द दफनभूमीत किंवा मिसाआधी बोलायला सांगतात, ते मानावं. चार मिनिटं म्हणजे लिहिलेले साधारण चारशे शब्द. एकच प्रसंग सांगा, नातेवाइकांची यादी वाचू नका, आणि कागद मोठ्या अक्षरात छापून न्या, कारण डोळे भरले की बारीक अक्षर दिसत नाही. दुसरी प्रत भावाच्या खिशात असू द्या. तुम्हाला पुढे वाचवलं नाही तर तो उभा राहील.

वर्षाचं मीस रविवारी आलं तर मीस रविवारचंच होतं, त्यात तिचं नाव घेतलं जातं, आणि त्याच मिसात इतरांचीही नावं असू शकतात. फक्त तिच्यासाठी हवं असेल तर आठवड्यातला दिवस आत्ताच नोंदवा. सलग तीस दिवसांची ग्रेगोरियन मिसां हवी असतील तर लहान चर्चमध्ये ती बसवणं कठीण जातं. एखाद्या मठाला विचारा.

तीन वर्षं झाली, आता फोंड (थडगं) उघडणार अशी सूचना चर्चच्या फलकावर लागली आहे. आईला हलवणार या विचाराने बाबांना झोप नाही. – बार्देश

बाबांना सांगा की ही गोव्यातली जुनी रीत आहे. सिमितेराची (दफनभूमीची) जागा थोडी, म्हणून ठरावीक मुदतीनंतर अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सामाईक अस्थिकुंडात ठेवतात. मुदत आणि शुल्क प्रत्येक चर्चचं वेगळं, ते कार्यालयात विचारा. शक्य तर पावसाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये दिवस मागा. कोरडी माती सहज सुटते. घरच्यांपैकी एकाने हजर राहावं, सोबत पांढरं सुती कापड न्यावं, आणि पाद्रीला प्रार्थनेसाठी आधीच बोलवावं. बाबांनी खड्ड्याशी उभं राहायलाच हवं असं नाही, प्रार्थनेला आले तरी चालतं.

कधी अस्थी पूर्ण सुट्या झालेल्या नसतात. सहसा कारणं अशी: पाणी धरणारी चिकणमाती, जाड वार्निशची पेटी, किंवा आत गेलेले नायलॉनचे कपडे आणि प्लास्टिकची फुलं. अशा वेळी फोंड पुन्हा बंद करून मुदत वाढवतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. पुढे कुणालाही निरोप देताना कपडे सुती आणि फुलं खरी असू द्या. आणि फोंड उघडण्याआधी वरच्या लेखाचा आणि खुरसाचा (क्रुसाचा) फोटो काढून ठेवा. नामपट्टी तुमची असते, ती कोनाड्यावर बसवता येते.

आजीचे लग्नातले फोटो काचेला चिकटले आहेत आणि कोंकणी मागणीपुस्तकाची (प्रार्थनापुस्तकाची) पानं सुटत आहेत. – फोंडा

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, वाफही देऊ नका. काचेवर फोटोचा वरचा थरच राहतो. काच बाहेरून पुसून काचेसकट स्कॅन करा, 600 डीपीआयवर. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो मेण नसलेला दात साफ करायचा दोरा मागून करवतीसारखा सरकवत सोडवा. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती पसरते. कोरड्या हवेत एक दिवस ठेवा, मग मऊ ब्रशने बाहेर नेऊन झटका. फोटोमागे नावं मऊ पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई पुढे उमटते. लॅमिनेशन तर अजिबात नको.

मागणीपुस्तकाला सेलोटेप लावू नका. पानं क्रमाने रचून सुती फितीने बांधा आणि पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवा, पेटी ओरातोराच्या दिव्यापासून दूर. पानांत ठेवलेली पुण्यतिथीची कार्डं, संतांची चित्रं काढून टाकण्याआधी कुठल्या पानात काय होतं त्याचा फोटो घ्या. ज्या प्रार्थनेत जे कार्ड, त्याला बहुतेक कारण असतं. रोजार (जपमाळ) तुटलं असेल तर मणी मोजा, 59 भरले पाहिजेत. दुरुस्त होण्यापलीकडे गेलेली आशीर्वादित वस्तू कचऱ्यात टाकत नाहीत. ती जाळून राख, किंवा तशीच, स्वच्छ जागी मातीत पुरतात.

शेजारची वयस्क ख्रिस्ती बाई आम्हाला आईसारखी होती. आम्ही हिंदू. तिच्या सातव्या दिवसाच्या मिसाला जावं का, काय न्यावं? – डिचोली

जरूर जा. उभं राहणं-बसणं इतरांबरोबर करा, गुडघे टेकायला जमलं नाही तर बसून राहिलात तरी चालतं. कोमुन्यांवाच्या रांगेत मात्र जायचं नसतं. त्या वेळी जागेवरच थांबा. फुलं किंवा मेणबत्त्या न्याव्यात. याहून चांगलं म्हणजे चर्चच्या कार्यालयात तिच्या नावाचं एक मीस सांगून यावं. ते कुणालाही सांगता येतं. चिठ्ठीवर तिचं पूर्ण नाव लिहून द्या, म्हणजे मिसात चुकीचं वाचलं जाणार नाही. मराठी दैनिकात श्रद्धांजली देणार असाल तर नावापुढे ‘दिवंगत’ लिहा, आणि मजकूर छापण्याआधी तिच्या मुलीला दाखवा. दोन नोव्हेंबरला, आल्म्यांच्या दिवशी, सिमितेरात फोंडांवर आशीर्वादाचं पाणी शिंपडतात. त्याची वेळ आदल्या रविवारी मिसात सांगतात, ती तिच्या घरी विचारून घ्या.