घसाऱ्याचा भार कोणाच्या माथी?

प्रश्न : जालन्यात माझा बियाण्यांचा व्यापार आहे. २०२२ च्या सुरुवातीला नोंदणी झालेली ऑडी ई-ट्रॉन जीटी पुण्यातील एक विक्रेता नव्याच्या निम्म्या भावात देऊ करत आहे. या महागड्या विद्युत गाड्यांचे भाव इतके का कोसळतात, आणि अशी गाडी घ्यावी काय?
– एक वाचक, जालना

उत्तर : सप्टेंबर २०२१ मध्ये ही गाडी भारतात आली, तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत सुमारे १ कोटी ८० लाख रुपये होती. तिचा भाव उतरण्यामागे गाडीतील एखाद्या दोषापेक्षा तिच्याच पुढच्या आवृत्तीचा हात मोठा आहे. आपल्याला देऊ केलेल्या गाडीची बॅटरी सुमारे ९३ किलोवॅट-तासांची असून ती जास्तीत जास्त २७० किलोवॅटने चार्ज होते. २०२४ मध्ये सादर झालेल्या सुधारित गाडीत हेच आकडे १०५ आणि ३२० झाले. पेट्रोल इंजिन तीन वर्षांत इतके मागे पडत नाही. शिवाय नव्या गाडीची किंमत उतरली की जुनीचीही उतरते. टेस्लाने २०२३ मध्ये अमेरिकेत दर कमी केले तेव्हा हेच घडले, आणि जानेवारी २०२४ मध्ये हर्ट्झ या गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीने सुमारे २०,००० विद्युत गाड्या विकायला काढल्या, त्यामागे घसारा, म्हणजे काळानुसार होणारी किमतीतली घट, हे एक मोठे कारण होते.

निम्म्या भावाने मात्र हुरळून जाऊ नये. बॅटरीची हमी ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत असते, म्हणजे आपल्या गाडीची हमी फार तर २०३० च्या सुरुवातीपर्यंत चालेल. आपण २०२८ मध्ये ती विकायला काढलीत, तर पुढच्या गिऱ्हाइकाच्या हाती जेमतेम दोन वर्षांची हमी उरेल आणि तो त्याच हिशेबाने भाव पाडेल. म्हणून नव्या किमतीशी तुलना सोडून द्यावी आणि हमीची किती वर्षे शिल्लक आहेत, त्यावर सौदा करावा. एका चार्जमध्ये गाडी किती किलोमीटर जाईल, हा डॅशबोर्डवर दिसणारा आकडा पुरावा म्हणून धरू नये; अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या क्षमतेचा लेखी अहवाल घ्यावा आणि हमी आपल्या नावावर होईल, हेही लेखी घ्यावे. विक्रेता अहवालाला टाळाटाळ करत असेल, तर तिथूनच परत फिरावे.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात ऑडीच्या काही गाड्या जुळवल्या जातात, त्यामुळे ही गाडीही घरचीच, असा आपल्याकडे अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती जर्मनीतील नेकारझुल्म येथे तयार होऊन येते, त्यामुळे बंपर किंवा दिवा फुटला तरी सुट्या भागासाठी वाट पाहण्याची तयारी ठेवावी. २०१० मध्ये छत्रपती संभाजीनगरातील खरेदीदारांनी एकदम १५० मर्सिडीज घेतल्या; तेव्हा या भागात हौसेला तोटा नाही. जुन्या विद्युत गाडीचे गिऱ्हाईक मात्र बहुधा पुण्या-मुंबईतच शोधावे लागेल.

समृद्धी महामार्गावरून मुंबईला वारंवार जाणे असेल, तर वाटेतील चार्जर किती किलोवॅटचा आहे, ते आधी पाहावे. ६० किलोवॅटच्या चार्जरवर २७० ची क्षमता असलेली गाडीही ६० नेच चार्ज होते.

प्रश्न : आमच्या जीएसटी नोंदणीकृत भागीदारी संस्थेने तीन वर्षांपूर्वी १ कोटीची विद्युत गाडी घेतली. ती ५० लाखांना जात आहे. नुकसानच असल्यामुळे कर लागणार नाही ना?
– एक वाचक, लातूर

उत्तर : लागू शकतो. आयकरात विद्युत वाहनांवर ४० टक्के घसारा मिळतो. पूर्ण दराने धरल्यास गाडीची वहीतील किंमत पहिल्या वर्षाअखेर ६० लाख, मग ३६ लाख आणि तिसऱ्या वर्षाअखेर २१ लाख ६० हजार होते. (पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांहून कमी असेल, तर त्या वर्षी घसारा निम्माच.) घसारा घेतलेला असल्यास जीएसटी विक्री किंमत आणि ही वहीतील किंमत यांच्या फरकावर मोजला जातो, आणि जानेवारी २०२५ पासून जुन्या विद्युत गाड्यांनाही त्यासाठी १८ टक्के दर लागू आहे. आपला फरक २८ लाख ४० हजारांचा, म्हणजे कर सुमारे ५ लाख ११ हजार रुपये. खरेदीच्या वेळी इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतले असेल, तर ही सवलतीची पद्धत वापरता येत नाही. तेव्हा विसार घेण्यापूर्वी घसाऱ्याचा तक्ता आपल्या सीएकडून तपासून घ्यावा आणि कर भावातच धरला आहे की वेगळा आकारायचा, हे सौदापत्रात लिहून घ्यावे.