वाचकांचे प्रश्न : डीटीपीकडून वेब डेव्हलपमेंटकडे

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सांगलीतील एका छापखान्यात गेली चौदा वर्षे डीटीपीचे काम करतो. वय ३८, शिक्षण राज्यशास्त्र घेऊन बी.ए. लग्नपत्रिका, हस्तपत्रके, पावतीपुस्तके आणि पतसंस्थांचे वार्षिक अहवाल हे आमचे नेहमीचे काम. आता लोक पत्रिका मोबाइलवरच पाठवतात; छापायची झाली तर वडीलधाऱ्यांना द्यायला पन्नास आणि देवापुढे ठेवायला एक. मालकांनी दोन वर्षांत पगारवाढ दिलेली नाही. वेब डेव्हलपमेंट शिकून क्षेत्र बदलावे असे वाटते. पुण्यातील एका क्लासने सहा महिन्यांच्या कोर्सचे एक लाख वीस हजार रुपये सांगितले असून नोकरीची शंभर टक्के हमी दिली आहे. शुल्क हप्त्यांनी भरता येते म्हणतात. इंजिनिअरिंगची पदवी नाही, गणित दहावीनंतर सुटले, इंग्रजी वाचता येते पण बोलताना अडखळतो. या वयात हे जमेल का? नोकरी सोडून पुण्याला जावे का?

उत्तर : नोकरी सोडू नका आणि त्या क्लासचे पैसे तूर्त भरू नका. ही गोष्ट आधी लिहिली, कारण तुमचे पत्र वाचताना हप्त्यांचा अर्ज निम्मा भरून झाला असावा असे मला वाटले. क्षेत्र बदलणे मात्र शक्य आहे. मी स्वतः इतिहास घेऊन एम.ए. झाले आणि तिशी उलटल्यावर या कामात आले, तेव्हा पदवीवाचून अडते कुठे आणि अडत नाही कुठे, हे थोडेफार अनुभवाने सांगू शकते.

अडते ते मोठ्या आयटी कंपन्यांच्या नवोदितांच्या भरतीत. ही भरती मुख्यतः महाविद्यालयांतून होते आणि अर्जाच्या पहिल्याच पानावर शाखा व उत्तीर्ण झाल्याचे वर्ष विचारले जाते. तुमच्यासाठी ते दार जवळजवळ बंद आहे, हे मान्य करून पुढे जावे. त्यावर डोके आपटण्यात वर्ष घालवू नये. पाच-दहा माणसांच्या वेब एजन्सी, प्रकाशक, शाळा, पतसंस्था, गावातील व्यापारी यांच्याकडे मात्र विचारणा वेगळी असते. त्यांना तुम्ही केलेले एखादे काम फोनवर उघडून पाहायचे असते आणि ते बिघडले तर तुम्ही फोन उचलाल की नाही, हे जाणून घ्यायचे असते.

आता तुमच्या चौदा वर्षांविषयी. पत्रात तुम्ही त्यांचा उल्लेख काहीसा संकोचाने केला आहे आणि तिथेच तुमचा हिशेब चुकतो आहे. वेबपाने ज्या एचटीएमएलमध्ये लिहितात, त्या नावातील 'मार्कअप' हा शब्द छापखान्यातूनच आलेला आहे. हस्तलिखितावर संपादक जुळाऱ्यासाठी ज्या खुणा करीत, हा मथळा, हे ठळक, इथे नवा परिच्छेद, त्या खुणा म्हणजे मार्कअप. १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली, ती शास्त्रज्ञांची माहिती आणि कागदपत्रे एकमेकांना जोडण्यासाठी; त्यांची स्वतःची पदवीही संगणकाची नसून भौतिकशास्त्राची होती. पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही मथळ्याची एक स्टाइल ठरवता आणि अहवालाच्या ऐंशी पानांवरचे सगळे मथळे एकदम बदलता. वेबवर हेच काम सीएसएस ही पानाचे रूप ठरवणारी भाषा करते. चौदा वर्षे जो स्टाइल लावत आला आहे, त्याला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही, आणि नव्या विद्यार्थ्याचा पहिला महिना बहुधा तिच्यातच जातो.

तुम्हाला विसरावे लागेल ते कागदाचे माप. पत्रिकेचा आकार ठरला की तो ठरला. प्लेट निघाल्यावर त्यात मिलिमीटरचाही फरक होत नाही. वेबपानाला असा कागदच नसतो. तेच पान कोणी लहानशा फोनवर पाहतो, कोणी कार्यालयातील रुंद पडद्यावर, आणि कोणी अक्षर मोठे करून. डीटीपीतून आलेली माणसे सुरुवातीला प्रत्येक चौकटीला पक्की रुंदी देतात. पान त्यांच्या संगणकावर देखणे दिसते आणि ग्राहकाच्या फोनवर उजवीकडे वाहून जाते. मीही हे केले आहे. एका संस्थेच्या कार्यक्रमाची माहिती देणारे पान मी असेच 'मापात' बसवले होते आणि उद्घाटनाच्या दिवशी अध्यक्षांच्या फोनवर त्यांचेच आडनाव निम्मे कापलेले दिसले.

उलट मराठी अक्षरांच्या बाबतीत तुम्ही इंजिनिअर मुलांच्या कितीतरी पुढे असाल. सीएसएसमध्ये अक्षरांमधील अंतर वाढवण्याची सोय आहे. इंग्रजी मथळ्याला ती शोभते म्हणून लोक मराठी मथळ्यालाही लावतात आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. ओळीची उंची इंग्रजीच्या अंदाजाने कमी ठेवली की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. एजन्सीतील कित्येकांना हे दिसतच नाही. तुम्हाला ते पान उघडताक्षणी खुपेल. श्रीलिपीच्या जुन्या फाँटात टाइप केलेला मजकूर वेबपानावर चिकटवला की रोमन अक्षरांची भेळ दिसते, हे तुम्ही कदाचित पाहिलेही असेल. त्या फाँटांत मराठी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, तर यूनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या संकेतपद्धतीत देवनागरीला स्वतःच्या जागा आहेत. जुने अहवाल, अंक, नियमावल्या यूनिकोडात आणून वेबवर नीट मांडणे हे काम संस्थांकडे पडून आहे आणि ते करणाऱ्याला फाँट व संकेतस्थळ या दोन्हींची जाण लागते.

शिकण्याचा क्रम साधा आहे : आधी एचटीएमएल, मग सीएसएस, मग पानाला हिशेब आणि हालचाल शिकवणारी जावास्क्रिप्ट ही भाषा, आणि त्यासोबत आपल्या कामाच्या आवृत्त्या सांभाळणारे गिट. ही शेवटची सवय लवकर लावून घ्यावी. 'पत्रिका फायनल', 'पत्रिका फायनल नवी', 'पत्रिका फायनल शेवटची' अशा नावांच्या फायली तुमच्याही संगणकात असतीलच. मोझिलाचे एमडीएन हे संदर्भस्थळ मोफत आहे. क्विन्सी लार्सन या शिक्षकी पेशातून प्रोग्रामिंगकडे आलेल्या गृहस्थांनी २०१४ मध्ये सुरू केलेले फ्रीकोडकॅम्प हे प्रोग्रामिंग शिकवणारे संकेतस्थळही मोफत आहे. साधी पाने गिटहब पेजेस या सेवेवर पैसे न देता सगळ्यांना दिसतील अशी ठेवता येतात. इंग्रजी वाचता येते ना? तेवढे पुरते, बोलण्याची अडचण पुढे बघता येईल. गणिताचे म्हणाल, तर पतसंस्थेच्या अहवालातील रकाने जुळवणाऱ्याने त्याची भीती बाळगू नये.

वेळेचा हिशेब प्रामाणिकपणे मांडू. रोज दीड तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे नऊ तास. ५२ आठवड्यांतून लग्नसराईचे १२ वजा केले तर ४० आठवडे उरतात, म्हणजे वर्षाचे ३६० तास. त्यात हाताला चांगले वळण लागेल, पण घर चालवण्याइतके उत्पन्न येण्यास माझ्या अंदाजाने दीड-दोन वर्षे धरावीत. सहा महिन्यांची भाषा क्लासवाल्यांची आहे.

पहिला प्रकल्प म्हणून बहुतेक जण कोणत्या तरी प्रसिद्ध संकेतस्थळाची नक्कल करतात. तुम्ही ती करू नका. तुमच्याच छापखान्यासाठी पत्रिकेच्या मजकुराचा एक फॉर्म तयार करा. सध्या काय होते? ग्राहक वहीच्या पानावर नावे लिहून आणतो किंवा व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो, तुम्ही 'चि. सौ. कां.' पासून 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' पर्यंत सगळे टाइप करता, प्रूफ देता, आणि मग मामांचे नाव राहिले म्हणून रात्री फोन येतो. हाच मजकूर ग्राहकाने फोनवर रकान्यांत भरावा, खाली त्याला पत्रिकेचा कच्चा नमुना दिसावा आणि 'प्रूफ मान्य' असे बटण दाबल्याशिवाय काम पुढे जाऊ नये, एवढेच करायचे.

हे करताना जे शिकाल ते कोणत्याही नकलेत शिकायला मिळणार नाही. ५०० प्रती आणि जादा १०० यांची बेरीज करायला सांगाल, तर उत्तर ५००१०० येईल, कारण फॉर्ममधून आलेला आकडा जावास्क्रिप्टच्या दृष्टीने मजकूर असतो आणि मजकुराला मजकूर जोडला की तो नुसता पुढे चिकटतो. (ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये ही भाषा दहा दिवसांत उभी केली, काही खोडी त्या घाईच्याही असाव्यात.) ती चूक दुरुस्त कराल तेव्हा कोणी तरी प्रतींची संख्या मराठी अंकांत लिहील आणि जावास्क्रिप्ट ती संख्याच नाही म्हणेल, म्हणून आधी देवनागरी अंक बदलून घेण्याच्या चार ओळी लिहाव्या लागतील. मग कळेल की 'ॲ' हे अक्षर दोन वेगवेगळ्या प्रकारांनी साठवले जाऊ शकते, दिसायला दोन्ही सारखी, आणि त्यामुळे 'ॲडव्होकेट' शोधले तर निम्मी नावे सापडतच नाहीत. अशी प्रत्येक अडचण आणि तिची सोडवणूक तारखेसह वहीत लिहून ठेवा. उमेदवाराने स्वतःच्या चुकीचा माग कसा काढला हे ऐकायला मुलाखत घेणाऱ्याला आवडते, आणि त्या वेळी तुमचे बोलणे अडखळणार नाही, कारण ते पाठ केलेले नसेल.

मालकांना विश्वासात घेऊनच हे करावे. त्यांचा कागदावरचा धंदा घटतो आहे, त्यांनाही काही हवेच असेल. फॉर्म एका लग्नसराईत खरोखर वापरला गेला, तर तुमच्याजवळ दाखवायला एक चालते काम आणि शिफारस करणारा एक माणूस असेल. पुढे हाच फॉर्म शेजारच्या छापखान्याला पैसे घेऊन देता येईल. ग्राहकांचे फोन क्रमांक आणि पत्ते त्यात येणार आहेत, म्हणून प्रत्यक्ष वापराआधी ते कुठे साठवले जातात आणि कोणाला दिसतात, हे जाणत्याकडून एकदा तपासून घ्या.

क्लासच्या हमीबद्दल. 'शुल्क हप्त्यांनी' याचा अर्थ पुष्कळदा असा असतो की एखादी वित्तसंस्था क्लासला सगळी रक्कम एकदम देते आणि कर्ज तुमच्या नावावर चढते. क्लास आवडला नाही, बंद पडला, शिकवणारा सोडून गेला, तरी हप्ता थांबत नाही. सही करण्यापूर्वी कागदावर कर्ज देणाऱ्याचे नाव आहे का, ते पाहा आणि हमीचे वाक्य लेखी मागा. तोंडी शंभर टक्के असलेले आश्वासन कागदावर 'साहाय्य' होते. काही ठिकाणी नोकरीसाठी दोन-तीन वर्षांच्या अनुभवाची खोटी पत्रे विकली जातात. त्या वाटेला जाऊ नका. कंपन्या जुन्या नोकरीची आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींची पडताळणी करतात, आणि पकडले गेल्यावर हातची नोकरी तर जातेच, शिवाय तुमची खरी चौदा वर्षेही संशयास्पद ठरतात.

तुम्ही विचारले नाही, पण सांगायला हवे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून साधे पान बनवून देण्याच्या कामाची किंमत उतरली आहे, कारण तसे पान यंत्र काही मिनिटांत लिहून देते. नवशिक्याला पूर्वी याच कामातून पाऊल टाकता येत असे. ती पायरी आता झिजली आहे. ही साधने वापरावीत, पण पहिले तीन महिने स्वतः टाइप करावे, नाहीतर यंत्राने दिलेले चूक की बरोबर, हे ओळखता येणार नाही. यंत्राने बनवलेल्या मराठी पानावर शिरोरेषा तुटलेली असली, तर ते सांगणारा माणूस लागेलच.

प्रश्न : मी म्हापशाला राहते. वय २६, बी.कॉम. झाले असून एका हॉटेलात लेखा विभागात काम करते. वेब डेव्हलपमेंटकडे वळण्यासाठी एमसीए ही संगणकातील पदव्युत्तर पदवी करावी की पदवीशिवायच प्रयत्न करावा?

उत्तर : तुमचे वय आणि बी.कॉम. लक्षात घेता पदवीचा मार्ग टाकून देऊ नये, असे मला वाटते. सांगलीच्या वाचकांना मी जे लिहिले त्याहून हे वेगळे आहे, कारण तुमच्यापुढे अजून बरीच वर्षे आहेत आणि मोठ्या कंपन्यांची भरती तुम्हाला खुली होऊ शकते. एमसीए आता दोन वर्षांचे आहे आणि वाणिज्य शाखेच्या पदवीधरांनाही त्याला प्रवेश मिळू शकतो, मात्र बारावीला किंवा पदवीला गणित असलेले बरे, काही संस्था ते सक्तीचे ठेवतात, आणि गणिताची किंवा संगणकाची पार्श्वभूमी नसल्यास पूरक विषय करावे लागतात. नोकरी सांभाळून शिकायचे असेल, तर आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बी.एस. अभ्यासक्रम पाहा. त्यासाठी जेईई लागत नाही. चार आठवड्यांचा अभ्यास आणि पात्रता परीक्षा पार केली की प्रवेश मिळतो, आणि मध्येच प्रोग्रामिंगची पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोयही आहे. त्या पदविकेत वेब ॲप्लिकेशन बांधण्याचे विषय आहेत. या दोहोंत निवड करण्याआधी बारावीची गुणपत्रिका काढून तीत गणित आहे का, ते पाहा. नसेल आणि बी.कॉम.लाही घेतले नसेल, तर एमसीएला गणिताशिवाय प्रवेश मिळतो का, हे त्या संस्थेला आधी विचारून घ्या.