इंग्लिश येतं, पण वर्गात तोंड उघडत नाही

कॉलेज सुरू झालं की चतुर्थीच्या सुट्टीपर्यंत समुपदेशनाला माझ्याकडे एकच वाक्य निरनिराळ्या तोंडून येत राहतं: "म्हाका जमचें ना, मिस" (मला जमणार नाही). बोलणारी बहुतेक मुलं गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, पेडण्याकडची. चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळा, पाचवीपासून इंग्लिश माध्यम आणि आता फादर-सिस्टरांचं छोटं कॉलेज, जिथे कॅन्टीनमध्येसुद्धा इंग्लिशच ऐकू येतं. पालकांना वेगळीच काळजी असते, सकाळच्या प्रार्थनेची. ती लवकर मिटते. घटनेच्या कलम 28(3) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही संमतीशिवाय उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. मुलं प्रार्थनेला शांत उभी राहतात आणि वर्गात जातात. घोडं अडतं ते वर्गात.

सत्तरीतली एक मुलगी घ्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पहिलं सेमिस्टर, सिस्टरांच्या हॉस्टेलवर मुक्काम, शुक्रवारी दुपारचं शेवटचं लेक्चर बुडवून वाळपईची बस. आयएसएच्या, म्हणजे सेमिस्टरमधल्या अंतर्गत परीक्षेच्या, प्रेझेंटेशनला गटाचं पीपीटी रात्री जागून हिने केलं, बोलली मात्र दुसरी. मार्क दुसरीला जास्त. "इंग्लिश सुधारलं, आत्मविश्वास आला की मग बोलेन," हा तिचा बेत होता. त्यासाठी मोबाईलवर इंग्लिश स्पीकिंगचे व्हिडिओ चालू होते.

मला तो बेतच अडचणीचा वाटला. पाचवी ते बारावी, आठ वर्षं इंग्लिशमधून पेपर लिहून पास झालेली मुलगी "मला इंग्लिश येत नाही" म्हणते, तेव्हा मी व्याकरणाकडे बघत नाही. बालपण उकरत बसण्याकडेही माझा कल नाही. गप्प बसलेल्या त्या दोन मिनिटांत नेमकं काय घडतं, ते मला हवं असतं.

"सरांनी प्रश्न विचारला. आता तू काय करतेस?"

"वाक्य जुळवते."

"कशात?"

"आधी कोंकणीत. मग इंग्लिशमध्ये. मग 'इज' की 'वॉज' बघते. मग परत पहिल्यापासून म्हणून बघते."

"तोवर सर कुठे असतात?"

"पुढे गेलेले असतात."

"पुढे म्हणजे कुठल्या मुद्द्यावर?"

ती बोलायला गेली आणि थांबली. आठवेना. तिने बॅगेतून वही काढली, त्या दिवसाचं पान उघडलं. प्रश्नापर्यंत नीट अक्षरात टिपणं, त्याखाली पाऊणभर पान कोरं. आधीचं पान उलटलं, तिथेही तसंच. तिने स्वतःहूनच तिसरं पान काढलं. "मिस, मी ऐकतच नाही," ती म्हणाली. आवाजात रडू नव्हतं, चक्क आश्चर्य होतं.

इथे मी घाई करत नाही. हे मी सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाक्य जुळवत बसली असती. तिला तिच्याच वहीने सांगितलं. विषय कळत नाही, कारण लक्ष बाहेर नसतं, ते आतल्या वाक्यावर असतं. विषय कळला नाही की बोलायला आणखी धीर होत नाही. या चक्रात इंग्लिशचा वाटा थोडा, न चुकण्याच्या हट्टाचा मोठा.

मग कामाला लागलो. उत्तर द्यायचंच नाही, प्रश्न विचारायचा. उत्तर चुकू शकतं, शिवाय लांब असतं. प्रश्न सहा-सात शब्दांत होतो. आदल्या रात्री उद्याच्या विषयाचं एक पान वाचायचं, न कळलेली एकच गोष्ट कागदावर लिहायची आणि तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत विचारायची. पहिलीच दहा मिनिटं अशासाठी, की टाळत गेलं तशी धडधड वाढते आणि तास हातचा जातो. सुरुवातीला कागदात बघून वाचलं तरी चालेल, पण "सॉरी, माय इंग्लिश इज नॉट गुड" ही प्रस्तावना बंद. त्या प्रस्तावनेने सगळ्यांचं लक्ष, आणि आपलंही, नेमकं नको तिथे जातं.

विचारण्याआधी त्याच कागदावर भीती लिहायची, नंतर जे झालं ते. तिची पहिली नोंद: 'सगळे हसतील.' खाली: 'एक हसली. सरांनी परत समजावलं. शेजारच्या मुलाने ते लिहून घेतलं.' तो कागद तिने मला दाखवला तेव्हा माझी कळी खुलली, हे कबूल करते. कारण दुसऱ्या दिवशीचा प्रश्न त्याच्याच खाली तयार होता, मी न सांगता.

हे कुठे फसतं तेही सांगते. उत्साही शिक्षक मुलीला थेट वक्तृत्व स्पर्धेत उभं करतात. पायरी एवढी उंच की पडली तर वर्षभर पुन्हा कुणी तिला चढवू शकत नाही. त्यापेक्षा पुढच्या प्रेझेंटेशनमध्ये एक स्लाइड द्या, तीही मधली. दुसरा घोटाळा मायेतून होतो. "जमत नसेल तर ये घरी" हे ऐकून मुलीला त्या क्षणी हायसं वाटतं, पण त्या सुटकेमुळेच सोमवार आणखी जड होतो. शुक्रवारचं लेक्चर पूर्ण करून या, म्हणावं. 75 टक्के हजेरीचाही प्रश्न असतोच. फोनवर "बोललीस का आज?" अशी उलटतपासणी नको. काय शिकवलं ते विचारा, मराठीत सांगू दे. सांगता आलं म्हणजे ती ऐकत होती.

त्या मुलीने दुसऱ्या सेमिस्टरला गटात दोन स्लाइड स्वतः मांडल्या. क्रियापदाचा काळ अजून चुकतो, हात अजून थरथरतात. तिच्या वहीत आता कोरी पानं सापडत नाहीत.

मात्र झोप उडाली आहे, जेवण तुटलं आहे, रडणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं आहे, असं दिसलं तर या प्रश्नांच्या कागदावर विसंबू नका, डॉक्टरांकडे न्या. जगण्यातच अर्थ नाही अशी भाषा आली तर दोन आठवड्यांची वाटही बघू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि रात्रीही चालू असतो. हॉस्टेलच्या सूचना-फलकावर तो मोठ्या अक्षरात लावून घ्या.