नोटिशीला उत्तर लिहायला बसलेल्या पोरीस

बेटा,

तुझी चिठ्ठी वाचली. वणीकडच्या जिनिंगवाल्या (कापसातून सरकी काढणाऱ्या) शेठला क्रेडिट जुळत नाही म्हणून २०२३-२४ ची जीएसटीची कारणे दाखवा नोटीस आली आहे, आणि तुला वाटतं की कर निघतच असेल तर सुनावणी आणि मुदतीवर बोट ठेवणं ही पळवाट आहे. अगं, कर निघतो की नाही हेच तर सुनावणीत ठरायचं आहे! आधीच निकाल लावून बसलीस तर अशिलाचं कोण मांडणार?

नोटिशीत कलम कोणतं लावलंय ते पहिलं बघ. ७३, म्हणजे फसवणुकीचा आरोप नसलेलं, असेल तर नोटिशीपासून ३० दिवसांत कर आणि व्याज भरलं की दंड लागत नाही. त्यानंतर दंड कराच्या १० टक्के किंवा १०,००० रुपये, जे जास्त असेल ते. केंद्राचे वेगळे, राज्याचे वेगळे. ७४, म्हणजे फसवणुकीचं, असेल तर दंड कराइतकाच. पण मग फसवणूक किंवा दडवादडवी नेमकी कोणती, हे नोटिशीत लिहिलेलं पाहिजे. नुसतं कलम टाकून भागत नाही. नसेल लिहिलं तर उत्तराची सुरुवात तिथूनच कर. २०२४-२५ पासूनच्या वर्षांना ७४ए लागतं, तिथं दंड टाळायची ही ३० दिवसांची मुदत ६० दिवसांची होते. शेठकडं खरंच काही निघत असेल तर तेवढं डीआरसी-०३ नं (आपणहून कर भरायच्या फॉर्मनं) भरायला लाव आणि उरलेल्यावर भांड.

आता न जुळणारं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट. कास्तकाराकडून कच्चा कापूस घेतला की रिव्हर्स चार्जनं, म्हणजे विकणाऱ्याऐवजी, कर भरायचा तो नोंदणीकृत खरेदीदारानं. १५ नोव्हेंबर २०१७ पासून असंच आहे. तो कॅश लेजरमधून (पोर्टलवरच्या रोख खात्यातून) भरायचा आणि मग त्याचं क्रेडिट घ्यायचं. कास्तकाराची नोंदणी नसते, म्हणून ही रक्कम २बी मध्ये, म्हणजे विक्रेत्यांच्या विवरणांवरून पोर्टल बनवतं त्या क्रेडिटच्या यादीत, येणारच नाही. ३बी मध्ये, म्हणजे शेठच्या स्वतःच्या विवरणपत्रात, हे क्रेडिट ४(ए)(३) या रिव्हर्स चार्जच्या रकान्यात जायला हवं. मुनीमजींनी ते ४(ए)(५) या इतर क्रेडिटच्या रकान्यात टाकलं असेल तर २बी शी ताळा करताना तेवढा फरक निघणारच. महिनावार तक्ता कर: ३बी च्या ३.१(डी) मधला रिव्हर्स चार्जचा कर, कॅश लेजरची नोंद, कास्तकाराच्या मालावर शेठनं स्वतःच काढलेल्या बिलांचे नंबर, घेतलेलं क्रेडिट. चारही रकाने जुळले तर सरकारचा एक रुपयाही बुडालेला नाही हे तक्त्यावरूनच दिसेल.

हे सगळं कागदावर आण. 'साहेबांना भेटून समजावतो' असं शेठ म्हणेल. समजावू दे, पण साहेबांची उद्या बदली झाली तर नव्या माणसापुढं फाईल असते, गप्पा नसतात. अपिलातही नवा पुरावा सहजी घेत नाहीत, नियम ११२ वाच. म्हणून परत सांगतो: कागदावर आण.

डीआरसी-०६ (नोटिशीच्या उत्तराचा फॉर्म) भरताना वैयक्तिक सुनावणीसमोर 'होय' कर. घाईत 'नाही' करणाऱ्यांचा मला राग येतो. कलम ७५(४) प्रमाणे विरोधात आदेश द्यायचा असेल तर न मागताही सुनावणी द्यावी लागते, तरी तू माग. सुनावणीची तारीख उत्तराच्या मुदतीच्या आधीची टाकली असेल तर तेही लेखी कळव. सबळ कारण दिलं तर तारीख वाढवून मिळते, पण तीनपेक्षा जास्त वेळा नाही. त्या तीन संधी पहिल्याच झटक्यात उडवू नकोस. सुनावणीत जे बोलशील ते त्याच दिवशी लेखी दे आणि पोच घे.

लोक मला किरकिऱ्या म्हणतात. म्हणू देत. दंडाचा आकडा कागदावर उतरतो, तर त्याचं कारणही कागदावरच उतरलं पाहिजे, एवढंच माझं मागणं आहे, आणि कायद्याचंही तेच आहे. ७५(६): आदेशात तथ्यं आणि निर्णयाचा आधार हवा. ७५(७): नोटिशीपेक्षा जास्त रक्कम नको, नोटिशीत नसलेलं कारण नको. 'उत्तर समाधानकारक नाही' एवढ्या ओळीवर लाखांची मागणी आली तर ते अपिलाचं पहिलं कारण.

जीएसटी पोर्टलवर 'ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स' हा कप्पा दर आठवड्याला उघड. आदेश तिथं पडून राहतो आणि मुदत मात्र चालू असते. अपिलाला तीन महिने, पुढं सबळ कारण असेल तर आणखी एकच महिना. वादातल्या कराचे १० टक्के आधी भरावे लागतात. शेठला ते आत्ताच सांगून ठेव, म्हणजे ऐन वेळी रुईचे भाव पडलेत म्हणून रडणार नाही.

तक्ता आणि उत्तराचा मसुदा शनिवारपर्यंत पाठव. फोनवर वाचून दाखवू नकोस.