गाडीचे गिअर अडकतात, गिअरबॉक्समधून आवाज येतो, ऑइलमध्ये अ‍ॅडिटिव्ह (वरून मिसळायचं बाटलीतलं रसायन) टाकू का?

नका टाकू, निदान आधी तरी नाही. झिजलेले दात किंवा बेअरिंग कुठल्याही बाटलीने परत भरून येत नाहीत, जाड अ‍ॅडिटिव्हने आवाज थोडे दिवस दबतो आणि आत झीज चालूच राहते. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये दुसरी भानगड म्हणजे सिंक्रोनायझरच्या (गिअर बदलताना वेग जुळवणारा भाग) पितळी रिंगला पकडायला घर्षण लागतं, तुम्ही ऑइल जास्त निसरडं केलंत की गिअर अजूनच खरखरत पडणार. जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल सांगितलं असेल तिथे जीएल-५ पण नको, त्यातलं सल्फर-फॉस्फरस काही वेळा पितळ खातं. ऑटोमॅटिकमध्ये तर क्लच प्लेट घसरायला लागू शकतात, आणि सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा, ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) असेल तर हातच लावू नका.

फायदा एकाच ठिकाणी दिसतो, सील कडक होऊन बारीक गळती असेल तर सील कंडिशनरने रबर थोडं फुगतं, तेही तात्पुरतं.

आणि मुंबईत पावसात हिंदमाता किंवा मिलन सबवेला पाण्यातून गाडी काढली असेल तर आधी ऑइल बघा हो, दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी गेलंय, लगेच काढून गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं नवीन भरून घ्या. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी चिखल चालतो, तुकडे निघाले तर बॉक्स उघडावाच लागेल.