गरम झाल्यावर बंद पडणारी ४५०: कार्बोरेटर बदलण्याआधी टॅपेट मोजा

तुमचा प्रश्न वाचला आणि २०१५ चा अख्खा हिवाळा डोळ्यांसमोर आला. तुमची गाडी होंडा टीआरएक्स ४५० आर, म्हणजे वाळूत पळवायची चार चाकांची स्पोर्ट क्वाड, २००७ चं मॉडेल, सेकंडहँड. सकाळी चोक ओढल्याशिवाय सुरू होत नाही. वीस मिनिटं वाळूत फिरवली की थ्रॉटलवरचा अंगठा सोडताच बंद. मग स्टार्टर कितीही मारा, हूं की चूं नाही, पण उतारावरून ढकलून गियर टाकला की लगेच चालू. कार्बोरेटर दोनदा साफ झालाय आणि आता तुम्ही नवा मागवायच्या बेतात आहात. कृपा करून थांबा. माझी २००८ ची होती, मी तेव्हा शारजात राहायचो आणि लक्षणं तंतोतंत हीच होती.

प्लग, बॅटरी, किल स्विचची दोरी हे तुम्ही पाहिलंच असणार, त्यात शिरत नाही. टाकीच्या झाकणाची हवेची नळी वाळूने बुजली तरी गाडी अशीच थोड्या वेळाने बंद पडते, पण ती झाकण सैल करून थोडं थांबल्याशिवाय नीट चालत नाही. तुमची ढकलून लगेच सुरू होते, म्हणजे पेट्रोल पोचतंय. दुखणं दुसरीकडे आहे.

ढकलून सुरू होणं ही तुमच्या पोस्टमधली सर्वात महत्त्वाची ओळ आहे. इनटेक व्हॉल्व्ह (पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घेणारी झडप) नीट बसत नसेल तर पिस्टन वर येताना दाबलेलं मिश्रण परत कार्बोरेटरकडे निसटतं. स्टार्टर इंजिन हळू फिरवतो, त्यामुळे निसटायला भरपूर वेळ मिळतो. ढकलताना इंजिन जोरात फिरतं, गळती व्हायच्या आत ठिणगी पडते. माझ्या मते हे टॅपेट आवळल्याचं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातला बारीक गॅप संपत आल्याचं लक्षण आहे.

मी इथेच फसलो. लहानपणी साताऱ्याला मामाच्या गॅरेजात बुलेटचे टॅपेट सेट करताना बघितलेले, त्यामुळे डोक्यात पक्कं होतं की टॅपेट बिघडला की वाजतो. या इंजिनात उलटं होतं. इनटेक व्हॉल्व्ह टायटॅनियमचे असतात, त्यांच्यावर पातळ कठीण थर असतो. फिल्टरमधून बारीक वाळू आत गेली की तो थर झिजतो, मग व्हॉल्व्हचा काठ झिजून तो हेडमध्ये (व्हॉल्व्ह बसतात त्या इंजिनाच्या वरच्या भागात) वर वर सरकतो आणि गॅप कमी होत जातो. आवाज वाढत नाही, उलट इंजिन जास्त शांत वाटतं. मी ‘टॅपेट वाजत नाही’ म्हणून खूश होतो आणि बंद पडते म्हणून आयडलचा (थ्रॉटल सोडल्यावरचा इंजिनाचा वेग ठरवणारा) स्क्रू दर आठवड्याला पाव फेरा वाढवत होतो. स्क्रू वाढवला की त्या दिवसापुरती गाडी चालायची. आतला व्हॉल्व्ह मात्र गळतच राहिला.

पण सगळ्यात महाग पडलं ते एक वर्कशॉप. नाव लिहीत नाही. तिथे दोनदा कार्बोरेटर उघडला, पायलट जेट (कमी वेगाला पेट्रोल देणारं बारीक छिद्र) बदलला, सीडीआयवर (ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीवर) संशय घेतला आणि प्रत्येक वेळी वेगळं बिल लावलं. मी स्वतः विचारलं, ‘टॅपेटचा गॅप मोजून बघता का?’ उत्तर आलं, ‘आवाज नाही, म्हणजे ठीक आहे.’ फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पात्यांची पट्टी) लावायला टाकी आणि हेड कव्हर काढावं लागतं, तेवढे श्रम कुणाला घ्यायचे नव्हते. शेवटी हेड उघडलं आणि मला न विचारता व्हॉल्व्हला पेस्ट लावून लॅपिंग केलं, म्हणजे तो जागेवर घासून बसवला. स्टीलच्या व्हॉल्व्हला हे चालतं, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. टायटॅनियमच्या व्हॉल्व्हवर उरलासुरला थर त्या पेस्टने निघून जातो. गाडी घरी आली, दोन शुक्रवार सुंदर चालली (तेव्हा सुटी शुक्रवारची असायची), मी सगळ्यांना त्या वर्कशॉपची शिफारससुद्धा केली. तिसऱ्या शुक्रवारी बिग रेड नावाच्या वाळूच्या मोठ्या टेकडीच्या पायथ्याशी ती कायमची बसली. उन्हात दीड तास पिकअपची वाट पाहिली. परत गेलो तर म्हणाले, ‘तुम्ही जोरात चालवता.’ स्पोर्ट क्वाड जोरात चालवायची नाही तर काय करायची? आजही आठवलं की राग येतो. साडेतीन हजार दिरहम गेले आणि त्यातला एकही मूळ दुखण्यावर खर्च झाला नव्हता.

म्हणून आधी मोजा. इंजिन पूर्ण थंड हवं, होंडाच्या मॅन्युअलमध्ये ३५ अंशांच्या खाली असं दिलंय. तुम्ही आखातात असाल तर एप्रिलनंतर हे काम पहाटेच करा, दुपारी बंद गॅरेजातली थंड गाडीसुद्धा त्याच्या वर असते. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टोकाला आणून गॅप मोजा: इनटेक ०.१६ आणि एक्झॉस्ट ०.२८ मिमी, दोन्हीला ०.०३ इकडेतिकडे चालतं. तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलशी एकदा ताडून घ्या. माझ्या एका इनटेकमध्ये ०.०५ चं पातंही शिरलं नव्हतं.

गॅप कमी भरला तर पातळ शिम (गॅप ठरवणारी छोटी चकती) लागते. जुन्या शिमच्या जाडीत मोजलेला गॅप मिळवा, त्यातून हवा असलेला गॅप वजा करा, झालं. पण शिम बदलून थोड्याच राइडनंतर गॅप पुन्हा आवळला तर शिमचा खेळ बंद करा, तो व्हॉल्व्ह संपला आहे. कॉम्प्रेशन गेजवर फार विसंबू नका, या इंजिनात डीकॉम्प्रेसर आहे, तो सुरू करताना दाब मुद्दाम कमी करतो, त्यामुळे आकडा फसवा येतो. लीक-डाउन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती कुठून निसटते ते बघा. कार्बोरेटरच्या तोंडातून हवेचा फुस्स आवाज आला तर इनटेक गळतोय, एक्झॉस्टमधून आला तर एक्झॉस्ट.

मी शेवटी स्टीलचे इनटेक व्हॉल्व्ह बसवले. ते जड असतात, म्हणून स्प्रिंगाही बदलाव्या लागतात आणि सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडा) मशीनवर नव्याने कापून घ्यावी लागते. रेस लावणारे लोक याला नाक मुरडतील. माझं मत, महिन्यातून दोनदा वाळूत जाणाऱ्याला स्टीलच बरं. मी मेकॅनिक नाही, आयटीतला माणूस आहे, तेव्हा हे एका मालकाचा अनुभव म्हणून घ्या. हेड उघडायचंच झालं तर जाणकाराकडे द्या आणि ‘लॅपिंग करायचं नाही’ हे कागदावर लिहून सही घ्या.

आणि फिल्टर. फोमचा फिल्टर धुऊन पूर्ण वाळवून फिल्टर ऑइलमध्ये मळायचा, नुसता वरून शिंपडून चालत नाही. एअरबॉक्सवर जिथे कडा टेकते तिथे ग्रीसचं पातळ बोट फिरवा. मी दोन फिल्टर तयार करून पिशवीत ठेवतो आणि वाळूतल्या प्रत्येक दिवसानंतर बदलतो. बायकोला त्या तेलाचा वास सहन होत नाही, म्हणून ते बाल्कनीतल्या डब्यात असतात. उन्हाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर फ्लोट बाउलमधलं (कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतलं) पेट्रोलही काढून टाका, नाहीतर ऑक्टोबरात पायलट जेट खरंच चोंदलेला सापडेल आणि मग दोन दुखणी एकात मिसळतील.

कार्बोरेटरची ऑर्डर अजून दिली नसेल तर देऊ नका. गॅप मोजला की दोन्ही इनटेकचे आकडे वेगवेगळे कळवा, डावा आणि उजवा, सोबत शिमवर छापलेले नंबर. शिमचा हिशोब मी करून देईन.