हरिश्चंद्रगडावर एचएफचा (लांब पल्ल्याचा) हॅम रेडिओ न्यायचाय, कुठला सेट घेऊ? वॉट नंतर बघ, आधी बॅटरी बघ

तुझा प्रश्न मला असा समजला की डिसेंबरात तीन दिवस हरिश्चंद्रगडावर मुक्काम आहे, पाचनई गावाकडून चढणार, वर लाइट नाही, बरोबरचे दोघं हॅम (हौशी रेडिओवाले) नाहीत, लायसन रिस्ट्रिक्टेड (खालच्या दर्जाचं), आत्ता हातात फक्त टू मीटरचा (व्हीएचएफ बँडचा) हँडी, म्हणजे हातात धरायचा छोटा सेट आहे आणि पहिला एचएफ सेट असा घ्यायचाय जो गडावर चालेल आणि नंतर घरीही चालेल. आयकॉमचा आयसी-७०५ सेट बजेटच्या बाहेर जातोय आणि एका विक्रेत्याने सांगितलंय की येसू एफटी-८९१ घे, १०० वॉट आहे, कुठूनही कुठेही पोचशील. उत्तर जरा लांबेल, पण पैसे एकदाच जाणार आहेत तुझे, म्हणून नीट लिहितोय.

८९१ वाईट सेट नाही. रिसीव्हर छान आहे, दोन किलोच्या आत वजन आहे, गाडीत लावायला तर फारच चांगला. पण तू गाडीत बसून बोलणार नाहीयेस, पाठीवर घेऊन चढणारेस, आणि तिथे पहिला आकडा वॉटचा बघायचाच नसतो, पहिला आकडा बघायचा तो सेट नुसता ऐकत असताना किती करंट खातो हा. कारण आपण तीन तास बसलो तर त्यातले अडीच तास ऐकतच असतो ना, पीटीटी (बोलायचं बटण) दाबलेला वेळ अगदी थोडा. ८९१ काही न बोलता चालू ठेवला तरी एक अँपिअरच्या आसपास घेतो. म्हणजे सहा अँपिअर-अवरची बॅटरी तू एक शब्द न बोलता सहा तासात संपवलीस. शिएगू जी९० अर्धा ते पाऊण अँपिअर घेतो, येसूचा एफटी-८१८ साडेचारशे मिलिअँपिअर, आणि एलिक्राफ्टचा केएक्स२ फक्त १३५ मिलिअँपिअर, त्यावर तीच बॅटरी चाळीस तासांच्या वर ऐकवेल. डोंगरावर जाणारे जुने लोक केएक्स२ साठी एवढे जीव का टाकतात ते या एका आकड्यात आहे, शिवाय तो पावणेचारशे ग्रॅमचा आहे. पण तो बाहेरून मागवावा लागतो, आयातीची परवानगी, कस्टम हे सगळं आलं, पहिल्या सेटसाठी मी त्या वाटेला जा म्हणणार नाही.

१०० वॉटचं मी स्वतः अनुभवलंय म्हणून पोटतिडकीने सांगतोय. माझी पहिली पोर्टेबल ट्रिप राजमाचीची, घरचाच १०० वॉटचा सेट उचलला आणि यूपीएसमधली सात अँपिअर-अवरची लेड अ‍ॅसिड बॅटरी, ती एकटीच दोन किलोच्या वर. संध्याकाळी अँटेना बांधली, एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळलीय याचं माप) एकदम सुरेख, पहिला सीक्यू (कोणी आहे का, अशी हाक) दिला आणि "सीक्यू"चा "क्यू" म्हणेपर्यंत डिस्प्ले मंद होऊन सेट बंद. परत चालू, परत बंद. मला वाटलं सेटच गेला. झालं होतं असं की हे सेट १३.८ व्होल्टवर चालायला बनवलेले असतात आणि पावणेबाराच्या खाली गेले की हात वर करतात, आणि फुल पॉवरला वीस-बावीस अँपिअर ओढायला गेलं की त्या बिचाऱ्या बॅटरीचं व्होल्टेज धाडकन खाली यायचं. शेवटी पॉवर वीस वॉटवर आणली तेव्हा सेट टिकला, गोव्यापर्यंत मस्त क्यूएसओ (हॅम लोकांची रेडिओवरची बोलणी) झाले, पण नऊ वाजायच्या आत बॅटरी संपली आणि उरलेली रात्र सेट सॅकमध्ये. म्हणजे मी १०० वॉटचं वजन वाहिलं आणि वापरले वीस.

बरं, तुझ्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे. रिस्ट्रिक्टेड लायसनची पॉवरची मर्यादा वरच्या जनरल लायसनपेक्षा बरीच कमी आहे, तुझ्या कागदावर काय लिहिलंय ते एकदा काढून वाच, १०० वॉट पूर्ण ताकदीने सोडायची तुला मुभाच नाहीये. मग त्याचं वजन आणि भूक दोन्ही कशाला घ्यायची?

आता वॉटचा हिशोब. पाच वॉटचे वीस केले की सहा डीबी (डेसिबल) वाढतात, म्हणजे समोरच्याच्या सिग्नल मीटरवर एक एस युनिट, काट्याचं एक घर. पाचचे शंभर केले तर तेरा डीबी, दोन एस युनिट आणि वर थोडं. वीसपट पॉवर आणि काटा दोन घरं सरकला, बस. मग कोणी म्हणेल की पाच वॉटच घे की, जुना येसू एफटी-८१७ नाहीतर ८१८ बघ सेकंडहँड (८१८ आता बनत नाही, पण वापरलेले मिळतात, टू मीटर आणि सत्तर सेंटीमीटर हे बँडही आहेत त्यात, लहानसा मजबूत सेट). हे म्हणणं चूक नाही, मोर्स येत असेल तर मी पण तेच सांगितलं असतं. पण तू आवाजावर काम करणार आहेस आणि गडावरची एक गंमत लक्षात घे, वर नॉइज नसतोच. पुण्यात माझ्याकडे चाळीस मीटरला (एचएफचा एक बँड, नाव तरंगलांबीवरून) काटा एस सातच्या खाली येत नाही, इन्व्हर्टर, एलईडी, लिफ्ट, केबलवाल्याचे डबे सगळे एकदम ओरडत असतात, आणि गडावर तोच काटा एस एकला पडून असतो. त्यामुळे तुला सगळे स्वच्छ ऐकू येणार आणि वाटणार की बँड उघडलाय, पण तुला ऐकणारा माणूस त्याच शहरी गोंगाटात बसलाय. ते एक एस युनिट त्याच्यासाठी लागतं. म्हणून नवीन माणसाला, एसएसबीवर (एचएफवर आवाजाने बोलायची पद्धत), मी वीस वॉट सांगतो.

म्हणून माझं मत जी९०. वीस वॉट, दीड किलोच्या थोडा वर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आत ऑटोमॅटिक ट्यूनर आहे, जो अँटेना सेटशी जुळवून घेतो, आणि तो खरंच रुंद रेंज सांभाळतो. ८९१ मध्ये नाही, ८१८ मध्ये नाही, एवढ्या महागड्या ७०५ मध्येसुद्धा नाही, तिथे वेगळा डबा घ्यावा लागतो. गडावर तार कधीच घरच्यासारखी बांधली जात नाही, एक टोक दगडाला, दुसरं करवंदीच्या जाळीवर, मधे झोळ, अशा वेळी ट्यूनर म्हणजे अर्धं टेन्शन गेलं. त्याच्या खोडी पण सांगतो, स्क्रीन लहान आहे आणि दुपारच्या उन्हात नीट दिसत नाही, टोपीची सावली करून बघावं लागतं. व्हीएचएफ नाही, पण हँडी आहेच तुझ्याकडे. एफटी-८ (कॉम्प्युटरवरून चालणारा डिजिटल मोड) सारखं सलग ट्रान्समिट करणारं काही करणार असशील तर पॉवर दहावर आण, नाहीतर गरम होतो. धूळ-पाण्याला सील नाही, पहाटे गडावर दव एवढं पडतं की सॅक ओली होते, रात्री सेट कनेक्टर काढून प्लास्टिकच्या डब्यात ठेव.

आपल्या हैदराबादच्या अशर फरहान (कॉलसाइन व्हीयू२ईएसई) यांचा यूबिट्स, म्हणजे स्वतः जोडायचा सेट, पण लोक सुचवतील, आणि मला त्या सेटबद्दल अतोनात आदर आहे, त्यांच्याच आधीच्या बिट्समुळे भारतात कितीतरी लोक स्वतःच्या हाताने सोल्डर केलेल्या सेटवर पहिल्यांदा एचएफला आले. पण तो ज्याला उघडून दुरुस्त करता येतो त्याने ट्रेकला न्यावा. तू घरी एक बांध, अवश्य बांध, फक्त या डिसेंबरासाठी नको.

बॅटरी लिथियम फेरो फॉस्फेटचीच घे, १२.८ व्होल्टवाली. शेवटपर्यंत व्होल्टेज धरून ठेवते म्हणून, आणि वजन लेड अ‍ॅसिडच्या निम्म्याहून कमी. रोज तीन तास बसलास तर ऐकण्याचे दोन अँपिअर-अवर आणि बोलण्याचे दीड धर, म्हणजे रोजचे साडेतीन, तीन दिवसांचे साडेदहा. मी एक मोठी घेण्यापेक्षा सहा-सहाच्या दोन घेईन, एक मित्राच्या सॅकमध्ये, एक बिघडली तर ट्रिप जात नाही. घडीचं सोलर पॅनल न्यायचं असेल तर ने, पण त्याचा चार्ज कंट्रोलर एचएफवर भयंकर खरखर करतो, सेट चालू असताना काढून ठेव. पॉवर बँक आणि तंबूतल्या एलईडी कंदिलाचं पण तेच. एकदा अर्धा तास मी बँड खराब म्हणून बसलो होतो, शेजारच्या तंबूतला कंदील विझला आणि बँड स्वच्छ.

आता अँटेना, आणि खरं सांगू का, सेटवर जेवढा विचार करतोयस त्याच्या दुप्पट इथे कर. चाळीस मीटर बँडसाठी वीस मीटर लांब तार, टोकाला ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे एंड-फेड हाफ वेव्ह (टोकाकडून जोडलेली अर्ध्या तरंगलांबीची तार), हीच तार वीस मीटर बँडलाही चालते. मध्यभागी सहा मीटरचा फायबरचा फिशिंग रॉड आणि दोन्ही बाजू खाली, उलटा व्ही. कार्बनचा रॉड घेऊ नको, तो करंट वाहतो. आरजी-१७४ या बारीक केबलची दहा मीटर लांबी पुरे, थोडा लॉस होतो पण वजन काहीच नाही. रॉड उभा करायला खुंट्या ठोकायच्या भानगडीत पडू नको, एक तर कातळात जात नाहीत आणि दुसरं म्हणजे मंदिराच्या आणि टाक्यांच्या आसपास तर खिळा सोड, दोरीसुद्धा बांधू नये. मोठ्या धोंड्याला गोल दोरी टाकून तीन ताण दे. कोकणकड्यावर बसायचा मोह होईल, दिशा सुंदर आहे, पश्चिमेला सगळं मोकळं आणि वीस मीटर बँडवर संध्याकाळी युरोप येतो, मला तिथून सूर्य बुडताना इटलीतल्या स्टेशनने पाच-सातचा (आवाज स्पष्ट, काटा एस सातवर) रिपोर्ट दिलाय वीस वॉटवर, अजून आठवतं. पण कड्याच्या काठापासून चांगलं मागे बस, वारा रॉड उचलतो, आणि तार कड्याबाहेर लोंबू द्यायची नाही, कड्यांना आग्या मोहोळं असतात.

दिवसा चाळीस मीटर. तार फक्त सहा मीटरवर असल्यामुळे सिग्नल जवळजवळ सरळ वर जातो आणि आयनावरणावरून परत खाली येतो, त्यामुळे पुणे, नाशिक, संभाजीनगर, गोवा, हैदराबाद ही मंडळी आरामात मिळतात, डोंगर मधे येत नाहीत. रात्र झाली की जवळचे गायब होतात आणि लांबचे येतात, तेव्हा सेट बिघडला असं समजू नको. टू मीटरचा हँडी गळ्यात ठेवच, तारामती शिखरावरून त्यावर लांबपर्यंत बोलता येतं.

परवानगीचं काम मात्र आत्ताच सुरू कर. लायसनवर घरचा पत्ता आहे, दुसरीकडून चालवायचं तर त्याबद्दलच्या अटी वाचून जे कळवायचं ते लेखी कळव आणि कागद बरोबर ठेव. शिवाय गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वनखात्याच्या नाक्यावर तार, काठी, बॅटरी दिसली की विचारणारच, लायसनची कॉपी दाखव आणि शांतपणे समजावून सांग. रात्री स्पीकर नको, हेडफोन लाव.

आणि घरच्या कोणाशी तरी, म्हणजे खाली बसलेल्या एखाद्या हॅमशी, वेळ ठरवून घे, सकाळी नऊ आणि संध्याकाळी पाच, फ्रिक्वेन्सी आधी लिहून. वर मोबाइलचा भरवसा नाही. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद (व्हीयू२आरबीआय) यांची टीम पोर्ट ब्लेअरला डीएक्ससाठी (लांबच्या देशांशी बोलण्यासाठी) गेली होती, २६ तारखेला त्सुनामी आली आणि जगभर क्यूएसओ करायला नेलेल्या त्याच सेटवरून अंदमानातल्या लोकांचे निरोप मुख्य भूमीवर घरच्यांपर्यंत गेले. तुझ्याबरोबरच्या दोघांना सेट चालू करून मदत कशी मागायची एवढं निघण्याआधी शिकवून ठेव, दहा मिनिटांचं काम आहे.

सेट आला की आधी गच्चीवर सगळं उभारून बघ, अंधारात, टॉर्चच्या उजेडात, कारण वर पहिल्या दिवशी तसंच होणार आहे. जास्तीचे फ्यूज दोन घे आणि बॅटरीची लाल-काळी वायर उलटी लागूच शकणार नाही असे कनेक्टर लाव. नक्की तारीख ठरली की इथेच टाक, मी तीनही दिवस सकाळी नऊला चाळीस मीटरवर ऐकत बसतो. ७३ (हॅम लोकांचा निरोपाचा नमस्कार).